साक्षीची तारीख

झरीच्या थांब्यावर एसटीत चढतानाच सुलाबाईला मागच्या सीटवर महारुद्र दिसला. दोन वर्षांखाली त्याच्या थोरल्या भावानं, बन्सीधरनं, हापशावर पाणी भरण्यावरून बौद्धवाड्यातल्या सुगतचं डोकं कुऱ्हाडीच्या दांड्यानं फोडलं होतं. पाहणारे तिघं होते. दोघं फितले. उरली सुलाबाई, आणि आज परभणीच्या कोर्टात तिची साक्ष होती.

बस हलली तसा महारुद्र तिच्या पाठीमागं येऊन बसला अन् पुढं वाकला.

"मावशी, नीट दिसलं न्हाई म्हणावं. सगळं गाव तुमच्याकडं बघायलंय."

आवाज अगदी मऊ होता.

परभणीच्या स्टँडवर संस्थेची रेणुका भेटणार होती. ही संस्था म्हणजे भाड्याची एक खोली अन् तीन बाया. पहिल्यांदा त्या घरी आल्या तेव्हा सुलाबाईनं विचारलं होतं, तुमी पोलीस न्हाई, वकील न्हाई, सरकार न्हाई, मग करता काय? रेणुका म्हणाली होती, तारखेला सोबत येतो, संपेपर्यंत बसतो. नुसतं बसून काय व्हायचं, असं तेव्हा सुलाबाईला वाटलं होतं.

आज स्टँडवर रेणुका नव्हतीच. महारुद्र उतरून दोन गड्यांसोबत फाटकापाशी उभा राहिला. अर्धा तास गेला. झरीला परतणारी बस समोरच लागली होती. तिनं पायरीवर पाय ठेवला.

"जय भीम, मावशी."

रेणुका धापा टाकत आली होती, तुटकी चप्पल हातात घेऊन. तिनं सुलाबाईचा दंड धरला अन् त्या तिघांसमोरूनच दोघी चालत बाहेर पडल्या.

कोर्टात समोरच्या वकिलानं तेच तेच फिरवून विचारलं. किती लांब होता, ऊन कुठून होतं, चष्मा कधी लागला. बन्सीधर टक लावून बघत होता. सुलाबाईनं मान वळवली. शेवटच्या बाकावर रेणुका बसली होती, अनवाणी, ताठ.

"पाह्यलं, साहेब," सुलाबाई म्हणाली. "दांडा बन्सीधरच्याच हातात व्हता."

निकाल पुढं लागणार होता. बाहेर आल्यावर मात्र भीती दुप्पट झाली, कारण आता बोलून झालं होतं. घरापर्यंत येते म्हणून रेणुकाही झरीच्या बसमध्ये चढली. तिकिटाचे पैसे देतानाही ती सारखी दाराकडं बघत होती.

"तुला भ्या वाटत न्हाई का गं?"

"लय वाटतं, मावशी. सकाळी येताना त्यांचे दोघं आडवे आले होते. म्हणून उशीर झाला."

तेवढ्यात महारुद्र बसमध्ये चढला. सुलाबाई उठली. रेणुकाला तिनं खिडकीकडं सरकवलं अन् तिचा हात धरून स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, जिथून त्याला जायचं होतं.

तो जवळून गेला. सुलाबाईनं रेणुकाचा हात सोडला नाही.