मिठागरावरच्या हंड्याचा हिरवा डाग

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. माझ्या पोटात एक हिरवा डाग आहे. तो घासायला कुणी बसलं, की आजही माझा जीव खालीवर होतो.

कल्याणच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. टिचकी मारली की मी असा खणखणायचो, की गिऱ्हाईक खूश! आवडाबाईच्या बापानं मला तिच्या लग्नात दिलं आणि मी ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरावरच्या तिच्या घरी आलो. मित्रांनो, मला माझ्या आवाजाची भारी घमेंड होती.

मग पंचाची निवड आली. मजुरांचं मीठ मापताना मिठागराच्या मालकाच्या, म्हणजे शेटच्या मापावर नजर ठेवणारा हा पंच. मागच्या खेपेला हात वर करून निवड झाली होती आणि शेटच्या माणसाविरुद्ध हात वर करणाऱ्यांची कामं गेली होती. म्हणून या वेळी लोक अडून बसले. पडदा लावा म्हणाले, आणि पाहायला बाहेरचा माणूस बसवा. कल्याणला एक जर्मन डॉक्टर आला होता. ना तो सरकारचा, ना शेटचा. त्यालाच बोलावलं.

पडद्यामागे शेटच्या माणसासाठी मला ठेवलं आणि मजुरांनी उभ्या केलेल्या दगडूसाठी मातीचा माठ. प्रत्येकानं आत जाऊन एक सुपारी टाकायची. डॉक्टर साहेब डोळ्यांत तेल घालून बसला होता. वाऱ्यालासुद्धा पडदा हलवू देईना.

पहिली सुपारी पडली आणि मी खणखणलो. दुसरी माठात पडली, नुसती ठप्प. बाहेर शेटचा कारभारी गालातल्या गालात हसला. चहाडी मीच करत होतो! त्यानंतरच्या सुपाऱ्या मुकाट माझ्यातच पडू लागल्या.

आवडाबाईचा नवरा महिपत रांगेत उभा होता. मन दगडूकडे ओढत होतं, पण काम गेलं तर पोरांना काय घालणार?

तेवढ्यात आवडाबाई ओल्या मिठाची टोपली घेऊन पुढे आली. "सायेब, डोलं लावून बसलाव, जरा कान पन लावा! कोन कोनाचा, त्यो माजा हंडाच वरडून सांगतं!"

साहेबानं एक सुपारी कान देऊन ऐकली. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "चूक झाली," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."

"अगं, तांब्यात ओलं मीठ?" तिनं टोपली माझ्यावर कलती करताच कारभारी ओरडला. "हंडा वाया जाईल तुझा!"

"जाव दे!" म्हणत तिनं दोन्ही भांड्यांत मीठ ओतलं.

मीठ मला फार झोंबलं. पण सुपाऱ्या मिठावर पडत राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदा मी गप्प राहिलो. संध्याकाळी भांडी सर्वांसमोर पालथी केली. दगडू निवडून आला. कामावरून काढायचं तरी कुणाला, हे शेटला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं पोट मात्र हिरवं पडलं. पाणी भरणं थांबलं, कौतुकही थांबलं. आता मी अडगळीत असतो. सून अधूनमधून चिंच घेऊन बसते. मित्रांनो, भांडी लखलखीत ठेवा, पण माझा हा डाग तेवढा राहू द्या.

परवा म्हातारी आवडाबाई माझ्यापाशी टेकली. महिपत जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं मला टिचकी मारली. "खरं सांग रं, घरच्यानं सुपारी कंच्यात टाकली व्हती?"

मला ठाऊक आहे. मी तिलाही सांगितलं नाही.