किल्ली घरी गेली

मी एक किल्ली. तिजोरीची नव्हे, इस्पितळातल्या वॉर्डच्या औषधांच्या कपाटाची. जपून द्यायची, कडक औषधं त्यात असतात. माझ्याबरोबर जन्मलेलं कुलूप कपाटाला चिकटून बसलं. मला मात्र खिशाखिशांतून फिरायला मिळालं.

आमच्याकडे एक रीत आहे. ड्यूटी बदलताना मला टेबलावर ठेवायचं नाही. जाणाऱ्या नर्सने येणारीच्या तळहातावर ठेवायचं आणि तिने "मिळाली" म्हणायचं. त्याआधी कोण जेवलं, कोणाचा ताप उतरला, कोणाचं सलाईन संपत आलंय, सगळ्यांचं सांगून होतं. सांगणारीचं तेवढं राहून जातं.

मला ताईंचा खिसा फार आवडायचा. ताई वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या नर्स. नवी मुलगी रडायला लागली की म्हणायच्या, "आधी चहा पी, मग रड. उपाशीपोटी रडू नये."

पण हळूहळू त्यांचा हात गार लागायला लागला. 'ताईंना सवय आहे' म्हणून जड पेशंट त्यांच्याच वाट्याला यायचे. गेलेल्या माणसाचे डोळे मिटवायचे आणि तशाच शेजारच्याला हसून गोळी द्यायची. एकदा धीर करून त्या मेट्रनबाईंना म्हणाल्या, "हल्ली झोपच लागत नाही हो. कशात जीव रमत नाही."

"अहो, तुम्ही इतक्या अनुभवी! तुम्हीच खचलात तर या पोरींनी कोणाकडे बघायचं?"

"तेही खरंच," ताई म्हणाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

एका दुपारी कोणालाच औषध द्यायचं नव्हतं, तरी ताईंनी कपाट उघडलं आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. माझी तर पाचावर धारण बसली. मला ओरडता येत नाही. कुठल्याशा पेशंटने बेल वाजवली, तेव्हा कुठे त्यांनी कपाट लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पेशंटचं नीट सांगितलं आणि मला न देताच निघाल्या. गंमत म्हणजे, येणारीनेही रिकाम्या हाताने "मिळाली" म्हणून टाकलं. सवय!

घरी ताई बुटांसकट पलंगावर बसून राहिल्या, मला मुठीत घेऊन. फोन वाजत होता.

"अगं, उचल ना, तुझाच आहे," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. त्या हलल्या नाहीत. आता या काय करणार, हेच मला कळेना.

शेवटी मेट्रनबाईच दारात आल्या. "अहो ताई, किल्ली! नशीब, माझ्याकडे दुसरी होती."

ताईंची मूठ उघडेना. "देते. पण परत माझ्या हातात देऊ नका. ते कपाट उघडलं की मला माझीच भीती वाटते. जगावंसंच वाटत नाही हो."

नवरा हातातला चमचा घेऊन तसाच दारात उभा राहिला. मेट्रनबाई ताईंच्या शेजारी टेकल्या, त्यांची ती बंद मूठ दोन्ही हातांत धरून.

"तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही. उद्या आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आणि आज तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

मग कितीतरी वेळाने मूठ सुटली.

ताई आता रजेवर आहेत. उपचार चालू आहेत. परवा वॉर्डात येऊन गेल्या, थोडं हसल्या. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मला राग नाही.

मी हल्ली त्या दिवशी रिकाम्या हाताने "मिळाली" म्हणालेल्या मुलीच्या खिशात असते. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, पण तिचाही हात गार लागायला लागलाय. म्हणून मला फार भीती वाटते. बायांनो, मला घेतलंत की लगेच हात काढून घेऊ नका. देणारीचा हात जरा धरून ठेवा.