चोळीबांगडीचं वावर

राजूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात निजाम सरकारनं तलाव बांधायचं ठरवलं, तेव्हा आधी आनंदीआनंदच झाला. तलाव म्हणजे पाणी, पाणी म्हणजे ऊस, अशी चावडीवरच्या माणसांची गणितं सुरू झाली. पाणी कुणाच्या वावराला मिळणार आणि कुणाच्या वावरावर कायमचं उभं राहणार, याचा विचार कुणी केला नव्हता. मोजणीवाले साखळ्या ओढत आले, खुंट्या ठोकून गेले आणि गाव गप्प झालं. धर्मराजच्या सात एकरांत खुंट्या आल्या. त्याला लागून असलेल्या साळूबाईच्या तीन एकरांतही आल्या.

साळूबाईचे तीन एकर हे आपलं लोकांच्या बोलण्यात. कागदावर दहाच्या दहा एकर धर्मराजचे होते. साळूबाई त्याची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पोटी लेकरू नाही, ती माहेरी परत आली. तेव्हा बापानं चार माणसांदेखत ओढ्याकाठचा तुकडा तिला दाखवला आणि ही तुझी चोळीबांगडी म्हणून सांगितलं. नवरा गेलेल्या बाईला बांगडी कुठली, पण अशा जमिनीचं नाव तेच. लेकीनं ती कसायची, पिकेल ते खायचं आणि कागदाचं नाव काढायचं नाही. बापाकडे कागद मागितला तर तो अविश्वास आणि भावाकडे मागितला तर माहेर तुटलं म्हणून समजायचं. ही रीत कुणी काढली देव जाणे, बाईमाणसानं काढली नसावी.

तो तुकडा म्हणजे नुसते धोंडे होते. साळूबाईनं ते वेचून बांध घातला, बांधाला छप्पर टेकवलं आणि आपली चूल मांडली. बावीस वर्षं ती चूल कधी विझली नाही. आई नव्हतीच, पुढं बापही गेला, तेव्हा बारा-पंधरा वर्षांचा धर्मराज याच चुलीपाशी बसून भाकरी खायचा. त्याचं लग्न झालं, दुर्गाबाई घरात आली, पोरं झाली. साळूबाई मात्र वावरातच राहिली. दोन भांडी आपटली तर आवाज कुणी काढला हे विचारणारं कुणी नव्हतं, आणि हे सुख तिला फार मोलाचं वाटे.

नोटीस आल्यावर थोड्या दिवसांनी धर्मराज स्वतः तिच्या छपरात आला. पटवारी जगन्नाथपंतांनी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. मुआवजा, म्हणजे भरपाई, मिळणार होती, पण शेतसाऱ्याच्या हिशेबानं, एकरी चोवीस हाली, म्हणजे निजामी, रुपये. बाजारात तसली जमीन चाळिसाच्या खाली कुणी देत नव्हतं. ज्याची दहा एकर जाणार त्याला त्या पैशात सहा मिळणार, म्हणजे उरलेली चार एकर सरकारनं फुकट घेतल्यासारखीच. भाव वाढवून मागायला पंतांनी अर्ज लिहून दिला होता. त्याचं उत्तर इतक्या जल्दी आलं की तो कुणी वाचला असेल असं वाटेना. भाव तोच राहिला.

"तुझं तुला बराबर मिळंल, आक्का," धर्मराज म्हणाला. "सरकार लिहून घेईल तवा मीच सांगतो."

साळूबाईला तेवढं पुरेसं होतं. गावातल्या रामकिसनची सहा एकर वरच्या अंगाला विकायला होती. तो तुकडे पाडून द्यायला तयार नव्हता, म्हणून भावाबहिणीनं मिळून ती घ्यायची आणि खरेदीखतावर दोन नावं घालायची, असं तिनं मनाशी ठरवलं. वाट्याला दोन एकरही पुरते आले नसते. तरी चालणार होतं. तिला चूल मांडण्यापुरती आपली जागा हवी होती. भावजयीच्या चुलीपुढे ताट घेऊन बसायची वेळ येऊ नये, एवढीच तिची भीती होती, आणि ती भीती लहान नव्हती.

धर्मराज खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी त्याच्या मनात तेच होतं. पण घरी दुर्गाबाईनं हिशेब मांडला. सात एकरांच्या पैशात चार एकर येतात, चार एकरांत पाच तोंडं कशी जगायची, हा तिचा सवाल होता. आक्का काही परकी नाही, घरात राहतील, चार घास आपल्यात खातील, नावं घालून काय करायचंय, असंही ती म्हणाली. यात वाईट बोललेलं काहीच नव्हतं, म्हणून तर ते खोडून काढणं धर्मराजला जमलं नाही. सरकारनं दर पुरता दिला असता तर हा प्रश्न त्या घरात आलाच नसता.

पंचनाम्याच्या दिवशी तहसीलचे पेशकार चावडीवर येऊन बसले. उर्दूतून लिहीत होते, भराभर लिहीत होते, आणि ऊन चढायच्या आत त्यांना पुढचं गाव गाठायचं होतं. एकेकाचं नाव पुकारलं जाई, पंत मराठीतून सांगत, अंगठा उठे, पान उलटे. धर्मराजचं नाव आलं. दहा एकर, कब्जेदार धर्मराज, कुणाची काही हरकत, असं पंतांनी विचारलं. आणि ते थांबले. चार माणसांदेखत जमीन दाखवली त्या चौघांतले ते एक होते. त्यांनी बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या साळूबाईकडे पाहिलं.

"साळूबाई, तुला काही सांगायचंय?"

सगळ्या चावडीच्या नजरा तिच्यावर आल्या. साळूबाईनं पदर पुढं ओढला.

"वावर भावाचंच हाये," ती म्हणाली. "मी निस्ती कसून राह्यले."

गावाला यात काही चुकलं असं वाटलं नाही. बहिणीनं असंच म्हणायचं असतं. पंगतीत वाढपी आला की आपण ताटावर हात आडवा धरतो, तसंच हे. हात धरला म्हणून कुणी वाढायचं थांबत नाही. आता भावानं पुढं होऊन म्हणायचं होतं, न्हाई सरकार, त्यातलं तीन एकर आक्काचं हाये. लोक त्याची वाट पाहत होते. पंतांनी टाक हातातच धरला होता. साळूबाई खाली बघत उभी होती आणि तिचे कान भावाच्या आवाजाकडे लागले होते.

धर्मराजचे ओठ हलले. त्यानं पेशकारांकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. शब्द त्याच्या तोंडात होता असं पुढं त्यानं स्वतःच किती जणांना सांगितलं. पण पेशकारांना पंगतीचा आग्रह माहीत नव्हता. बाई नाही म्हणाली, त्यांनी नाही लिहिलं. बाईचा अंगठा घ्या म्हणाले. साळूबाईला शाईत अंगठा कसा बुडवायचा कळेना. तेव्हा धर्मराज पुढं झाला, त्यानं बहिणीचा अंगठा आपल्या हातात धरला आणि कागदावर दाबला. हळूच दाबला. तो हात तिला ओळखीचा होता, म्हणून तिनं तो काढून घेतला नाही.

पान उलटलं.

पैसे आले, रामकिसनची सहा एकर घेतली, खरेदीखत एकाच नावानं झालं. त्यानंतर पंधरा दिवस धर्मराज ओढ्याकडे फिरकला नाही. मग एके सकाळी आला तो उभ्या उभ्याच बोलला. नव्या वावरातला बोरीच्या झाडापर्यंतचा तुकडा आक्काचा, तिनं तिथं छप्पर घालावं.

"मी जबान देऊन राह्यलो," तो म्हणाला.

"जबान नगं, धर्मा," साळूबाई म्हणाली. "कागद कर."

धर्मराजचा चेहरा पडला. सख्ख्या भावावर भरोसा नाही का, हे त्यानं तीन-तीनदा विचारलं. त्याला खरंच लागलं होतं. ती चुलीकडे वळली, आणि त्यानं कागद केला नाही.

दिवाळीनंतर तलावाच्या पाळूचं, म्हणजे बांधाचं, काम निघालं. माती टाकायला बाया-माणसं रोजानं घेत होते. भरावाची माती ओढ्याकाठच्या काळ्या रानातूनच खणायची होती, म्हणजे साळूबाईचं छप्पर होतं तिथूनच. ती पहिल्याच दिवशी पाटी घेऊन हजेरीच्या रांगेत उभी राहिली. गावात बोभाटा झाला, घरंदाज बाई मातीकामाला गेली. दुपार व्हायच्या आत धर्मराज धावत आला.

"आक्का, घरी चल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोक मला नावं ठिवून राह्यले. मी काय तुझं घेतलं? तूच न्हाई म्हणल्तीस न."

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांचा धर्मा तिला त्याच्यात दिसला आणि तिचा जीव गलबलला. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मी न्हाई म्हणलं, धर्मा," ती म्हणाली, "ते तू व्हय म्हणावं म्हणून."

रांग पुढं सरकली. झाडाखाली वही घेऊन बसलेल्या मुन्शीनं मान वर न करता नाव विचारलं.

"साळूबाई."

मुन्शीनं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. साळूबाई जागची हलली नाही.

"काय लिवलं ते वाचून दावा," ती म्हणाली.

मुन्शी वैतागला. रांग खोळंबली होती, पण बाई हलायला तयार नव्हती. शेवटी त्यानं वहीवर बोट ठेवून नाव मोठ्यानं वाचलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पाटी डोक्यावर घेतली आणि धर्मराजच्या शेजारून खाली उतरून, तिची चूल होती तिथली माती खणत होते, तिकडे गेली.