शेंदराची वाटी

“ताई, त्याइले शेंदूर देऊ नोका. दुसरा कोणता बी रंग द्या, पण शेंदूर नोका देऊ.”

कौशल्याबाई आमच्याकडे कामाला बसलेल्या नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आमच्या ओसरीच्या पायरीवर उभी होती. मी त्या वेळी माझ्या अकरा महिन्यांच्या मुलीच्या मुठीतून सदऱ्याचं बटण सोडवत होते. हाताला लागेल ते तोंडात, असं तिचं चाललं होतं, आणि दिवसभर तिच्या तोंडावर नजर ठेवणं हेच माझं मुख्य काम होतं.

“काऊन हो?” मी विचारलं.

“देवाचा रंग हाये तो. मारोतीच्या अंगावरचा. तुमी तो पुस्तकावर लावान, लोक पुस्तक कुठं बी टाकतीन, पाय लागंल. मंग देव याइलेच धरते. मांगच्या पोळ्याले बैलाइची शिंगं रंगवली शेंदरानं, तं हे आठ दिवस पोट धरून पडले होते. त्याच्या आंदीच्या साली बी.”

मी हसले. वाईट हसले नाही, समजूतदार हसले. ते जास्त वाईट.

मी अमरावतीची बी.एस्सी. लग्न होऊन चिखलीला आले, आणि घरात बसल्या बसल्या बायकांसाठी एक पुस्तक लिहिलं, ‘चुलीजवळचे शास्त्र’. दूध का नासतं, पितळेवर हिरवं का चढतं, असल्या गोष्टी. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ते चौसष्ट साली स्वीकारलं. त्यातलं शेवटचं प्रकरण होतं ‘देवाचा कोप’. प्रत्येक दुखण्यापाठी देव उभा करू नये, कारण शोधावं, असं त्यात सांगितलं होतं. त्यातला एक परिच्छेद मी कौशल्याबाईला जवळजवळ जसाच्या तसा ऐकवला. तिने डबा हातात धरून सगळा ऐकून घेतला.

“तुमी शिकेल हा ताई,” ती म्हणाली. डबा ठेवला आणि गेली.

तिचा नवरा म्हणजे तुळशीराम पेंटर. चिखलीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींवर मार्का मारायचे पत्रे तेच कापून द्यायचे. काचेवर लक्ष्मी काढायचे, जयंतीच्या आधी मारुतीचे डोळे नव्याने रेखायचे. शाळा चौथीपर्यंत. वीस वर्षं हाच धंदा. प्रकाशकांचं पत्र आलं होतं की, मुखपृष्ठ आपल्याकडेच कोणाकडून करून पाठवता आल्यास बरे. रंग दोनच, एक काळा व दुसरा आपल्या पसंतीचा. मी तुळशीरामभाऊंना बोलावलं आणि स्वतःच काढलेलं एक चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे काय होय बाई?”

“चंचुपात्र. प्रयोगशाळेत असतं.”

“घरी कोणाच्या असते?”

“घरी नसतं.”

“मंग?” त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “नाव चुलीचं अन् वरतं दवाखान्याची बाटली. बाया म्हणतीन, औषधाचं पुस्तक होय, आमाले काई झालं नाई. जा बाप्पा!”

दुसऱ्या दिवशी ते येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवे बसले आणि तासभर नुसती चूल पाहत राहिले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना ते कोडंच पडलं.

“काऊन बे तुळशीराम, सैपाक शिकून राह्यला का? कौशल्यानं हाकललं वाटते घरातून!”

“हाव ना माय. आता तुमीच ठेवून घ्या. भांडे घाशीन.”

“तुह्या हातचे भांडे? हिरवे-पिवळे करून ठेवशीन सारे!”

तिसऱ्या दिवशी त्यांनी चित्र आणलं. त्यात चूल नव्हतीच. काळ्या पातेल्याची फक्त वरची कड, तिच्यावरचं झाकण एका बाजूने बोटभर उचललेलं, आणि त्या फटीत शेंदराची एक पट्टी. बाकी सगळा कागद कोरा. वाफ कुठेच काढलेली नव्हती. झाकण तिरपं दिसत होतं, तेवढ्यावरून ती कळत होती.

“वाफ नाही काढली?” मी विचारलं.

“जे उचलते ते दिसत नाई ना बाई. तुमच्या पुस्तकात हेच हाये का नाई?”

हेच होतं. मला ते सांगायला एकशे चाळीस पानं लागली होती.

त्यांच्या घरात उजेड नव्हता, म्हणून काम आमच्या ओसरीत चालायचं. शेंदूर खलात घोटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा, वाटी शेजारी ठेवायची. आणि बारीक ब्रश वाटीत बुडवला की तो ओठांतून ओढून त्याचं टोक काढायचं. दर रेघेला. एक रेघ, एकदा ओठ. त्यांच्या खालच्या ओठाला दुपारपर्यंत शेंदरी कड यायची, आणि सासूबाई म्हणायच्या, “विडा खाल्ला का रे?”

माझी मुलगी रांगत वाटीकडे जायला लागली. शेंदरात शिसं असतं. मला ते ठाऊक होतं. माझ्याच पुस्तकात आहे ते, प्रकरण सहावं, पान अठ्ठेचाळीस: ‘शेंदूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ मी वाटी उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली.

“भाऊ, वाटी इथेच राहू द्या हं. पोरगी तोंडात घालेल.”

“बराबर हाये,” ते म्हणाले. “लेकराचं काई सांगता येत नाई.”

मग ते दर रेघेला उठायचे. फळीवरच्या वाटीत ब्रश बुडवायचे, ओठांतून ओढायचे, खाली बसायचे. मी समोर बसून मुलीला मऊ भात भरवत असायचे आणि ते पाहत असायचे. माझी नजर बारीक आहे. दुधावरचा केस मला अंधारातही दिसतो. हे मात्र मी महिनाभर नुसतं पाहिलं.

का सांगितलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. विसरले, असं म्हणता येत नाही. एकदा शब्द ओठांवर आले होते. पण सांगितलं तर ते शेंदूर सोडतील, मग दुसरा रंग शोधा, पुन्हा पत्रं, आणि प्रकाशकांनी महिनाअखेरची मुदत घातलेली. शिवाय वाटायचं, मोठा माणूस आहे, इतकी वर्षं हेच करतो आहे, काही व्हायचं असतं तर झालं नसतं का? झालेलं होतंच. पोट धरून आठ दिवस. ते मी अंधश्रद्धेच्या खात्यात ढकलून मोकळी झाले होते.

पहिलं चित्र पुण्याहून परत आलं, अक्षरं मोठी हवीत म्हणून. दुसरं मीच पाठवलं नाही, शेंदरी पट्टी मला फिकी वाटली.

“भाऊ, आणखी एक हात द्या ना. पेटल्यासारखी दिसायला हवी.”

“तुमी म्हणसान तसं. पुण्याले जाऊन राह्यलं, तं चिखलीचं नाव खराब नाई झालं पाह्यजे.”

तिसऱ्याच्या वेळी ब्रश त्यांच्या हातून दोनदा पडला. डिंकाने बोटं निसरडी झाली असतील, असं मी म्हटलं. ते हसले तेव्हा हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली. तंबाखूची असेल, असंही मीच म्हटलं. ते चित्र कडेला हललं होतं, म्हणून चौथं करायला घेतलं. चौथ्याच्या वेळी ते डाव्या हाताने उजवं मनगट खालून उचलून धरत होते, कावड सावरावी तसं.

“हात रुसला बाई,” ते म्हणाले. “बायकोवानी झाला. बोलावलं तं येत नाई.”

चौथं चित्र गेलं. पंधरवड्याने प्रकाशकांचं पत्र आलं. चित्र फारच आवडल्याचं लिहिलं होतं. खाली आणखी चार ओळी होत्या. ‘एक सूचना, पुढील पुस्तकासाठी. छपाईचा ठसा करणाऱ्यास रंगीत चित्राची आवश्यकता नसते. काळा भाग एका कागदावर व रंगाचा भाग दुसऱ्या कागदावर, दोन्ही काळ्या शाईनेच काढून पाठवावेत. शेंदरी रंग छापखान्याच्या शाईचा असतो. आपल्या चित्रकारास उगीच श्रम पडले.’

गाठींवर दोन रंगांचा मार्का मारायला तुळशीरामभाऊ दोन वेगळे पत्रे कापायचेच. त्यांना एका शब्दाने कळलं असतं. मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. रंग हवा, एवढंच सांगितलं होतं.

पत्र मी पिठाच्या डब्यात ठेवलं. घरी कोणाला दाखवलं नाही.

माघात कौशल्याबाई आली ती डबा न घेता. “हात उठून नाई राह्यला त्याइचा. पोटात बी कळा हायेत. तुमच्या मालकाची वळख हाये ना बुलढाण्याले?” माझे यजमान वामनराव बाजार समितीत कारकून होते. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे आम्ही एस.टी.ने गेलो: आम्ही दोघं, ते दोघं, आणि माझ्या कडेवर मुलगी.

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला सांगितले. डावा पंजा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली लोंबला, ओल्या फडक्यासारखा. तुळशीरामभाऊ त्याच्याकडे असे पाहत होते जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. डॉक्टरांनी त्यांचा ओठ दुमडून हिरड्या पाहिल्या.

“काम काय करता?”

“पेंटर हावो.”

“शेंदूर वापरता? ब्रश तोंडात घालता?”

“हाव. नाई तं टोक कसं निंगंल?”

“त्यात विष असतं. शिसं. तेच अंगात भिनलंय.”

तुळशीरामभाऊ हसले. कुणी गंमत केल्यावर हसावं तसे. “नाई जी डाक्टरसाहेब. महिनाभर या बाईच्याच ओसरीत बसून राह्यलो ना. बाई शिकेल हायेत. याच्यावरच पुस्तक लिवलं त्याइनं. असं असतं तं त्याइनं सांगतलं नसतं का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीची टोपी सारखी केली. ती सारखीच होती.

कौशल्याबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने नवऱ्याचा तो लोंबणारा हात उचलला आणि त्याच्या मांडीवर नीट ठेवला, पालथा.

डॉक्टर म्हणाले, हे वीस वर्षांचं साचलेलं आहे, एका महिन्याचं नाही. शेंदूर सुटला तर हात परत येईलही, सांगता येत नाही. घरी आल्यावर मला बरं वाटावं म्हणून वामनराव तेच वाक्य सारखं ऐकवत राहिले. “वीस वर्षांचं आहे गं. तुझा काय संबंध?” असेलही. पण त्या वीस वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या दारात ते रंगवायला बसले, त्यांच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. माहीत असलेलं पहिलं घर माझं.

चैत्रात पुस्तक आलं. मुखपृष्ठ देखणं झालं आहे. ज्याच्या हातात जातं तो आधी झाकणावरून बोट फिरवतो. आत चित्रकाराचं नाव छापलंय. ते मी पत्रावर पत्र लिहून घालायला लावलं. भांडायची वेळ निघून गेल्यावर मी तेवढं भांडले. अठ्ठेचाळिसाव्या पानावर ‘लहान मुलांच्या’पुढे ‘व मोठ्यांच्या’ हे दोन शब्द वाढवा, असंही कळवलं. दुसऱ्या आवृत्तीत पाहू, असं उत्तर आलं.

एक प्रत घेऊन मी तुळशीरामभाऊंच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या गीताबाईने सांगितलं, “ते तं शेगावले गेले. कौशल्याच्या भावाकडं. तिथं ती मूर्तीच्या दुकानात रंगकाम करते म्हन्तात. तो बसूनच राह्यते.” माझ्या हातातलं पुस्तक तिने घेतलं, उलटसुलट पाहिलं. “तुळशीरामनं काढलं हे? वाफ काढाची राह्यली वाटते.”

मी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. दोघांत लिहिता फक्त तुळशीरामभाऊंनाच यायचं.

चिखलीहून शेगाव लांब नाही. जाता येतं. मुलगी आता दोन वर्षांची आहे, चालते, तेही कारण उरलेलं नाही. मी जात नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी दर्शनाला जाईलच. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूर्तींची दुकानं आहेत, तिथे चिखलीच्या कौशल्याबाईंची चौकशी करा. ब्रशचं टोक त्या कशाने काढतात, ते आधी पाहा. ओठांनी काढत असतील तर तिथल्या तिथे थांबवा, आणि कारण सांगा, खरं. मग तुळशीरामभाऊंजवळ बसा. माझं नाव घेऊ नका. दोन चहा मागवा आणि त्यांचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवा. घ्या म्हणू नका, मदतही करू नका. ते कोणता हात पुढे करतात, तेवढं मला कळवा.