लोण्याचा गोळा

"बाबा, आज टाकीत हात घालू नका हं. त्याने कात टाकलीय," लेकीने सकाळीच बजावलं होतं.

सर नुसते हसले. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे सांगायचं! तिला तरी कुणी शिकवलं होतं? क्रेफिश, म्हणजे टाकीतला तो झिंग्यासारखा नांगीवाला जीव, अंगात पाणी भरून घेतो, फुगतो, जुनं कवच पाठीवर उलतं आणि तो मागच्या मागे बाहेर सरकतो. मग नवं कवच टणक होईपर्यंत दडून बसतो.

दुपारी व्याही आणि विहीणबाई आल्या. लेकीचं लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच. व्याही बसचे ड्रायव्हर, मोकळा माणूस. टाकीतलं रिकामं कवच बघून म्हणाले, "अरेरे, तुमचा खेकडा गेला की हो!"

"गेला कसला! कपडे बदललेत त्याने."

सगळे हसले आणि सरांना चेव चढला. कात टाकण्याआधी पोटात साठवलेले चुन्याचे खडे, नंतर स्वतःचंच कवच खाऊन भरून काढलेली तूट, सगळं सांगून झालं. व्याही कौतुकाने ऐकत होते.

"पण आहे कुठे तो?"

"बाबा…" लेक हळूच म्हणाली.

सरांनी बाही वर सारली, टाकीच्या तळाशी ठेवलेल्या मडक्याआडून त्याला उचललं आणि सगळ्यांसमोर धरलं. "हात लावून बघा, नुसता लोण्याचा गोळा!"

त्याने शेपटी झटकली. निसटू नये म्हणून सरांची बोटं आवळली गेली. क्रेफिश पाण्यात पडला. एक नांगी चिमटीतच राहिली.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"परत येते नांगी, पुढच्या कातेला," सर म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण ती नांगी ठेवावी कुठे, कळेना. त्यांनी ती रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर लेक मुकाट्याने कप विसळत राहिली. चिडली असती तर बरं, असं सरांना वाटलं.

क्रेफिश जगला. चार दिवसांनी कवच टणक झालं, खाऊ लागला. व्याह्यांनी चौकशीला फोन केला.

"बरा आहे," सर म्हणाले.

"अहो, होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

सरांचे कान तापले. दारात लेक उभी होती.

"होत नाही हो," ते म्हणाले. "मी केलं. मला माहीत होतं, तरी केलं. तुमच्यापुढे मिरवायचं होतं."

"बरं," व्याही म्हणाले. "मग रविवारी येतो बघायला. काचेबाहेरून."