जाहिरातबुवांच्या नाकावरची फुली

ऑनलाइन जाहिरातींवर सलग एकोणीस वर्षं साप्ताहिक सदर लिहिणारा माणूस घरात असणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावं. चपला घ्यायच्या म्हटलं तरी हा गृहस्थ आधी चपलांच्या जाहिरातींवर तासभर बोलणार आणि मग जुन्याच चपला शिवून आणणार. कचेरीत त्यांना सगळे जाहिरातबुवा म्हणत. आपण आजवर एकाही जाहिरातीवर बोट ठेवलं नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते खरंही होतं.

त्या सोमवारी संपादकबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या.

"सर, मागचं सदर किती जणांनी वाचलं, माहीत आहे?"

"आपला वाचक मोजका असतो हो, पण चोखंदळ."

"चार. त्यातली एक मी."

येत्या रविवारपर्यंत दोनशे वाचक झाले नाहीत तर सदर बंद, असं बाईंनी अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि हळू सांगितल्यामुळे ते जास्तच लागलं. सदर गेलं तर सोमवारी सकाळी उठून करायचं काय, हे बुवांना खरोखरच माहीत नव्हतं.

मग लाज गुंडाळून ठेवून त्यांनी स्वतःच्या सदराचीच जाहिरात दिली. वर आपला हसरा फोटो, खाली ओळ: 'जाहिरातींना फसू नका. इथे दाबा.' जाहिरात कुणाला दाखवायची, असा प्रश्न पडद्यावर आला. बुवांनी एकोणीस वर्षांचं ज्ञान पणाला लावलं. ऐऱ्यागैऱ्यांना कशाला दाखवायची? 'ज्यांनी हे सदर महिन्यात दहापेक्षा जास्त वेळा उघडलं, फक्त त्यांना', या चौकोनात त्यांनी ऐटीत खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून बुवा जिकडेतिकडे दिसू लागले. हवामानाच्या पानावर बुवा, बसच्या वेळापत्रकात बुवा. गुडघेदुखीच्या लेखात तर उजव्या आणि डाव्या गुडघ्याच्या मधोमध बुवा.

"अगं, मी सगळीकडे आहे!" ते ओरडले.

"घरात तर आहातच. दूध उतू जातंय, ते बघा," बायको म्हणाली.

शुक्रवारी बाईंचा फोन आला. "सर, तुमची जाहिरात तीनशे बारा वेळा दाबली गेली."

बुवा खुर्चीवरून उठलेच.

"पण सगळ्याच्या सगळ्या वेळा तुमच्याच घरातून."

बुवा खाली बसले. सदर महिन्यात दहादा उघडणारं माणूस जगात एकच होतं. कुणी अभिप्राय लिहिलाय का, हे बघायला ते रोज सकाळी उघडत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण ते तर नुसते बघत होते. मग दाबत कोण होतं?

आतल्या खोलीत सासूबाई बुवांच्या जुन्या टॅबवर रंगीत फुगे फोडायचा खेळ खेळत होत्या. टॅब अजून बुवांच्याच नावावर चालू होता.

"जावईबापू, बरे आलात," त्या म्हणाल्या. "तुमचं हे तोंड बंद कुठून करायचं? दर दोन फुग्यांनी येतंय. कोपऱ्यातली फुली मुंगीएवढी. दाबायला जावं तर बोट तुमच्या नाकावर! ही फुली ज्याने बसवली, त्याला आई नाही का? असली तर म्हणावं, तिच्या हातात दे आणि समोर बसून बघ."

बुवांना शरमेने मान वर करवेना. तरी सवयीने खिशातली वही निघाली. सासूबाई अर्धा तास थांबल्याच नाहीत, आणि त्या बोलल्या तस्सं, एक शब्द न बदलता, बुवांनी शनिवारी पाठवून दिलं. नाहीतरी शेवटचंच सदर होतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत नऊ हजार लोकांनी ते वाचलं. घरोघरी नाकं दाबली जात होती म्हणायची.

"सर, सदर चालू!" बाई फोनवर म्हणाल्या. बुवांचे डोळे भरून आले. "फक्त ते आजी सांगणार. तुम्ही उतरवून घ्यायचं. आणि जाहिरात आम्ही देतो."

बुवांना वाईट वाटलं. खूप वाटलं. रात्रभर ते कूस बदलत राहिले. पण सोमवारी सकाळी उठून करायला काहीतरी होतं.

त्यांनी हवामानाचं पान उघडलं. मधोमध सासूबाईंचा फोटो, कपाळाला आठ्या घातलेला. कोपऱ्यात मुंगीएवढी फुली. बुवांनी चष्मा पुसून घेतला. फुली त्यांना स्वच्छ दिसत होती.

"जावईबापू, वही आणताय ना?" आतून हाक आली.

"आलोच, आई," बुवा म्हणाले, आणि त्यांनी बोट नेमकं नाकावर ठेवलं.