सोमारीच्या रिकाम्या जागा

माझ्या थोरल्या नातीचं बारसं धानाच्या कापणीआधी उरकलं, ते साल १९८८. बारशाला माझी भाची वच्छला चंद्रपूरहून आली होती. ती तिथे एका टायपिंगच्या संस्थेत शिकवायची, आणि संस्थेनं त्या वर्षी मराठी अक्षरं उठवणारा कॉम्प्युटर घेतला होता. पाळण्याची दोरी ओढत ती त्याचंच सांगत होती. वेगवेगळे मजकूर त्यात टाकले की मशीन ते आपणहून एकात एक जोडते, म्हणाली.

"नाटक जोडते का?" मी विचारलं.

ती हसली. मी हसलो नाही.

आमचं गाव मूल हे तालुक्याचं शहर आणि वैनगंगा नदी यांच्या मधलं. तरुणपणी आमच्या गावच्या रामाजीनं एक नाटक लिहिलं होतं, 'सोमारीचा डोंगा'. नदीवर डोंगा, म्हणजे होडी, चालवणाऱ्या सोमारीचं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची, तेव्हा आम्ही बैलबंडीनं पार आरमोरीपर्यंत ते घेऊन जायचो. पुढे नाटक बंद पडलं आणि त्याची मूळ वही उधईनं खाल्ली. राहिल्या त्या नटांच्या नकला. नक्कल म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचं बोलणं उतरवलेले कागद. प्रत्येक बोलण्याच्या वर समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द लिहिलेले असतात. ते कानावर पडले की आपण सुरू करायचं.

रामाजी आता मूलला मुलाकडे खाटेला लागला होता. छातीचं दुखणं. हा हिवाळा निघेल असं कोणी म्हणत नव्हतं. मी भेटायला गेलो की एकच बोलायचा. "पोचू, एकदा पुरं नाटक कानावर पडलं पायजे. झोपेत ते सारे बोलतात, पन कोनी कोनाले उत्तर देत नाई."

म्हणून मी घरोघर फिरून नकला गोळा केल्या. नट बहुतेक मेलेले. सोमारीच्या नवऱ्याचं, चैतूचं काम बापूराव करायचा. त्याची नक्कल त्याच्या बायकोनं, केसरबाईनं, आढ्यातून काढून दिली. "मले वाचता येत नाई, पोचूभाऊ. पन दर दिवाळीले झटकून ठेवत होती."

मी नकला घेऊन चंद्रपूरला गेलो, आणि वच्छलानं प्रत्येक नक्कल संस्थेच्या मशीनमध्ये वेगळी टाइप केली. मग तिनं मशीनला एकदाच हुकूम लिहून दिला. या कागदावरच्या बोलण्याच्या वर जे शब्द आहेत, त्या शब्दांनी कोणाचं बोलणं संपतं ते बाकीच्या कागदांत शोध, आणि दोन्ही जोड.

"याले नुसतं शेपूट दाखवा मामा, हा बैल शोधून आनते," ती म्हणाली.

दुपारी मशीन करकरू लागलं. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद त्यातून बाहेर येत राहिला. मी अक्षरं शिकलो पन्नाशीनंतर, प्रौढांच्या वर्गात, म्हणून बोट ठेवून वाचत होतो. बापूराव बोलला. त्याला मंडळीतल्या वारलूनं टोमणा मारला. ज्यांना मी खांदा दिला ते माझ्या बोटाखाली एकेक जागे होत होते आणि त्यांच्या मागे पाणी वाहत असल्यासारखं वाटत होतं. मग कागदावर मोकळी जागा आली. मग आणखी एक. पुढे तर मोकळ्या जागाच जास्त.

"मामा, इथी कोनीतरी बोलते, पन त्याची नक्कलच नाई."

त्या जागा माझ्या होत्या. सोमारीचं काम मी करायचो. तेव्हा बाया नाटकात येत नसत आणि माझा आवाज बारीक होता. मला वाचता येत नव्हतं, म्हणून रोवणीच्या दिवसांत रामाजी बांधावर उभा राहून बोलायचा आणि मी चिखलात वाकून धान रोवता रोवता मागून बोलायचो. माझी नक्कल कधी कोणी लिहिलीच नाही. साऱ्या गावाच्या नकला मी गोळा केल्या, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. मला पाठ होतं, म्हणजे ते कुठेतरी असणारच, असं मी धरून चाललो होतो.

"मंग लिवा न आता," वच्छला म्हणाली. "अक्षरं येतात तुमाले."

मी पेन घेऊन बसलो. काही आलं नाही. तेव्हा वच्छला म्हणाली, मी चैतूचं वाचते, तुम्ही उत्तर द्या. तिनं वाचायला घेतलं, "सोमारी, माझे रानी, तुह्या अंगाले..." आणि थांबली.

"हे मी तुमाले कशी म्हणू, मामा?"

"नको म्हणू," मी म्हणालो. "कागद रामाजीभाऊकडंच नेऊ." तिनं तो गुंडाळून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं मूलला गेलो. अंगणात कोवळं ऊन होतं आणि रामाजीची खाट तिथेच टाकलेली होती. त्याला उशाशी टेकवून बसवलं, जोडलेला कागद मांडीवर दिला. त्यानं चष्मा लावला आणि चैतूचं वाचलं. "सोमारी, डोंगा सोड. नदी फुगून राह्यली."

माझी पाठ आपोआप वाकली. आणि माझ्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, मी कित्येक वर्षांत न ऐकलेला. "फुगू दे. तिले माह्या हातचं वल्हं ओळखू येते."

वच्छला भराभर लिहीत होती. रामाजीची सून रुखमाबाई सूप घेऊन दारात उभी राहिली. "मामाजीले म्हातारपनी बायको भेटली म्हणायची," ती म्हणाली. रामाजी हसता हसता खोकला, आणि खोकत खोकतच पुढचं बोलला.

ऊन सरकत गेलं. त्याच्या बोलण्याला माझं बोलणं लागत होतं. खाट हळूच हलते आहे, अंगणाखालून पाणी जातं आहे, पलीकडच्या काठावर मंडळी कंदील धरून उभी आहेत, असं मला दिसत होतं. त्यालाही दिसत असावं, कारण त्यानं कागद पाहणं केव्हाच सोडलं होतं.

शेवट आला. चैतू जंगलाकडे निघतो. रामाजी म्हणाला, "मी येतोच."

मी म्हणालो, "येतो म्हणनाऱ्याची वाट पाहू नये, म्हणते माय. पन मी नदीले सांगून ठेवलं हाय. रातीबेराती आला त त्याच्या गुडघ्याच्या वर नको येऊ."

रामाजीनं चष्मा काढला. "हे मी नाई लिवलं."

मला भीती वाटली. त्याचं नाटक पुरं करायला बसलो आणि मीच त्यात भेसळ केली. "मंग कोठून आलं, रामाजीभाऊ?"

"आरमोरीच्या मंडईत तू भुलला होता. माहं बोलनं भुलला आन हे बोलला. मी पडद्यामागं होतो." तो दम घेत थांबला. "मंग दर खेपेस हेच बोलत गेला. मी काई तुले टोकलं नाई."

"मंग तुमचं काय होतं तिथी?" वच्छलानं विचारलं. "तेच घालू."

रामाजीनं डोळे मिटले. बराच वेळ तो आठवत होता. "गेलं ते," तो म्हणाला. "याचंच ठेव, बाई."

चंद्रपूरला वच्छलानं सोमारीची नक्कल मशीनमध्ये घातली आणि सारं पुन्हा जोडायला लावलं. या वेळी ते कुठेच अडलं नाही. तो लांब कागद घडी घालून मी मूलला नेला आणि अंगणात बसून पहिल्यापासून वाचला, अडखळत. रामाजी डोळे मिटून होता. मी अडलो की पुढचा शब्द तो सांगायचा. शेवटच्या पानावर त्यानं काही सांगितलं नाही. मलाही तिथे अडायला झालं नाही.

रामाजी लटारू निकुरे १९८९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मूल इथे आपल्या मुलाच्या घरी वारला.